परात, झाकणं आणि गोधडी

स्वमग्न मुलाच्या घरातलं पहिलं वर्ष बरंचसं खरेदीत जातं. निदान झालं की नातेवाईक मोबाइलवर लिंका पाठवू लागतात. कुणी सेन्सरी खेळण्यांचा संच सुचवतं, कुणी खास झोपाळा, कुणी वजनाचं पांघरूण. पेढ्याच्या दुकानावर किंवा चार गुंठे वांग्यांवर चालणाऱ्या घरानं हे पैसे आणायचे कुठून? आणि नाही आणले तर पोराचं नुकसान होईल, ही टोचणी वेगळीच. म्हणून आज स्पष्ट लिहिते. लहान स्वमग्न मुलाशी खेळायला लागणारं बहुतेक सामान आपल्या घरात आधीपासून आहे. कमी पडतात ती त्याच्यासोबत फरशीवर बसणारी माणसं.

माझी भाची इथं नरसोबाच्या वाडीतच दिली आहे. दत्ताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पेढे-बर्फीचं दुकान आहे. मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा ती म्हणायची, “मावशी, खेळणं दिलं की फेकतंय बघा, आणि डब्यांची झाकणं घेऊन बसतंय तासभर.” तो स्टीलचं झाकण उभं धरून भिंगरीसारखं फिरवायचा आणि गाल फरशीला टेकवून त्याची कड बघत राहायचा. घरच्यांनी झाकणं वर फळीवर ठेवली. मग रडारड. थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, “झाकणं काढून घेऊ नका. तुम्हीही एक घ्या आणि त्याच्यासमोर बसा.”

भाची बसली. तो फिरवेल तसं तिनंही फिरवलं, तोंडातून शब्द न काढता. बऱ्याच वेळानं त्यानं तिच्या झाकणाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, आणि एकदाच, क्षणभर, तिच्या तोंडाकडे. पुढच्या आठवड्यात तिनं फिरतं झाकण बोटानं थांबवलं आणि ती गप्प राहिली. त्यानं तिचं मनगट धरलं आणि हात झाकणावर नेऊन ठेवला. शब्द नव्हता, पण मागणी होती. “फिरव?” असं म्हणून तिनं लगेच झाकण फिरवलं. पुढं कितीतरी दिवस त्या दोघांचं संभाषण एवढंच होतं, पण ते रोज होत होतं.

या खेळाचं मर्म मुलाच्या आवडीपासून सुरुवात करण्यात आहे. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून पाहणं बाकीच्या मुलांना न शिकवता येतं. स्वमग्न मुलाला ते अवघड जातं, आणि भाषा बरीचशी त्यातूनच उगवते. त्याला आपल्या खेळात ओढण्याऐवजी आपण त्याच्या खेळात शिरलो, तर त्याला आपल्याकडे बघायला कारण मिळतं.

याला जवळचा पुरावाही आहे. गोव्यातली ‘संगाथ’ संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून 65 स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. डॉक्टर किंवा थेरपिस्ट नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या पालकांना शिकवत. आई-मुलाच्या खेळाचं छोटं चित्रण करायचं, मग आईबरोबर बसून ते पाहायचं आणि तिचं कुठं जमलं ते तिलाच दाखवायचं. अशा घरांत पालक मुलाच्या कलानं जास्त वागू लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. आपल्या प्रत्येकाच्या हातात आज फोन आहे. नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी पाच मिनिटांचा खेळ चित्रित करावा आणि रात्री सगळ्यांनी मिळून पाहावा. आपण किती बोलतो आणि किती कमी थांबतो, हे लगेच दिसतं.

घरच्या वस्तूंतून शिकवण्याची महाराष्ट्रात जुनी वाट आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून खडे, बिया, पानं, शिंपले वापरले. त्यांच्यापुढे ज्यांचा आदर्श होता त्या माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोमला बालगृह काढण्याआधी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांबरोबर काम केलं होतं. हातानं शिकण्याची त्यांची कितीतरी साधनं त्या कामातून आली. आज अनेक बालवाड्यांत दिसणाऱ्या या पद्धतीचं मूळ वेगळ्या मुलांच्या शिक्षणात आहे. ती त्यांच्या घरी पुन्हा पोचायला हवी.

आता प्रत्यक्ष खेळांकडे येते.

मोठ्या परातीत ज्वारी किंवा तांदूळ घ्या. वाटी, डाव, चाळणी द्या. मूल नुसतं ओतत बसलं तर तुम्हीही ओता. मग एक चमचा धान्यात पुरा आणि थांबा. प्रत्येक कृतीला एकच छोटा शब्द द्या: ओत, भर, सापडला. वाक्यांचा मारा नको.

कणीक मळताना गोळा द्या. काही मुलांना चिकट स्पर्श सोसत नाही. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. आधी कोरडं पीठ द्या, किंवा कणकेचा गोळा पिशवीत बांधून वरून दाबू द्या.

गोधडीचे तर किती उपयोग. दोघांनी चार टोकं धरून हलका झोका द्यावा. “एक, दोन” म्हणून थांबावं आणि मुलाकडे पाहावं. तो नजरेनं, हुंकारानं किंवा पाय हलवून पुढचं मागतो, तेव्हा “तीन” म्हणून झोका द्यावा. काहींना गोधडीत घट्ट गुंडाळलेलं आवडतं. त्यातून शरीर शांत होतं. मात्र तोंड पूर्ण मोकळं हवं आणि मनात येईल तेव्हा त्याला बाहेर पडता आलं पाहिजे.

आमच्या वाडीत पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांना तोटा नाही. त्यांचे मनोरे रचा, पाडा. झाकणाला चीर पाडून त्यातून कपड्यांचे मोठे चिमटे आत टाकू द्या. आत पडलेल्या चिमट्याचा टप्पकन आवाज काही मुलांना फार आवडतो.

दोन गोष्टी निक्षून सांगते. जे मूल वस्तू तोंडात घालतं, त्याच्या हाती चिंचोके, मणी, गोट्या, राजमा देऊ नयेत. आणि बादलीभर पाण्याच्या खेळातसुद्धा मुलाला क्षणभरही एकटं सोडू नये. नदीकाठच्या लोकांना हे जास्त सांगायला नको, पण स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असू शकते आणि धोक्याची जाण कमी असू शकते.

खेळाची परीक्षा मात्र करू नका. आपल्याकडे मूल दिसलं की “हा रंग कुठला, सांग बघू”, “काकांना नमस्कार कर बघू” सुरू होतं. अशा प्रश्नांनी हे मूल उठून जातं. त्याला प्रश्न कमी आणि सोबत जास्त हवी. कधी तो नुसता झाकण फिरवत शांत होत असेल, तर तेही त्याला करू द्यावं. प्रत्येक क्षण उपचाराचा नसतो.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या आम्हा लोकांना आणखी एक तयारी करावी लागते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये महापुरामुळे शिरोळ तालुक्यातल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. जागा बदलली, जेवणाची वेळ बदलली, भोवती अनोळखी गर्दी आली की स्वमग्न मुलाचा आधारच सुटतो. पुराच्या पिशवीत कागदपत्रं आणि औषधं ठेवतो, तशीच त्याची ओळखीची गोधडी, दोन झाकणं आणि एक खोकं ठेवावं. भाचीच्या घरी दर मृगाला ही पिशवी भरून ठेवतात. गर्दीचा असाच त्रास देवळातही होतो. पौर्णिमेच्या गर्दीत, घंटा आणि नगाऱ्याच्या आवाजात मूल कान झाकून घेत असेल, तर त्याला पहाटे किंवा दुपारी शांत वेळी दर्शनाला न्यावं.

मूल बोलावं म्हणून दत्तमहाराजांना साकडं घालायला लांबून आईबाप वाडीला येतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. त्यांना एवढीच विनंती आहे, की दर्शन घ्या, पण तपासणी पुढे ढकलू नका. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं मूल बोटानं काही दाखवत नसेल, तर “आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात” म्हणत थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यांना शंका सांगा. ते पुढच्या तपासणीला पाठवतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि सवलती मागण्यात संकोच नको. घरचा खेळ थेरपिस्टची जागा घेत नाही. पण थेरपिस्टकडे आठवड्यातला तास-दोन तासच मिळतो, बाकीचे सगळे तास घरातले असतात.

ते तास एकट्या आईच्या वाट्याला येतात, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. स्वयंपाक, दुकान, थोरल्याचा अभ्यास आणि वर हे. म्हणून हा लेख आईपेक्षा आजोबा, काका, आत्या, शेजारी यांच्यासाठी लिहिला आहे. तुमच्या नात्यात असं मूल असेल, तर येत्या रविवारी त्याच्या घरी जा. जाताना खेळणं नेऊ नका, सल्ला तर मुळीच नेऊ नका. परात मागून घ्या, त्याच्यासमोर बसा आणि अर्धा तास त्याच्या आईला मोकळं सोडा.