द्वाड मूल आणि मुके मूल

एखादा मुलगा शेजाऱ्याची वही फाडतो, धडा वाचावयाची पाळी आली की वर्गातून पळतो, कोणी बोलल्यास अंगावर धावतो. लागलीच त्यास ‘द्वाड’ ठरविण्यात येते आणि चौकशी तेथेच संपते. कोर्टात चोरासही आपली बाजू मांडू देतात. आठ वर्षांच्या पोरास मात्र तेवढीही सवलत नाही!

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई करते. १६ वे कलम प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलास शाळेतून काढू देत नाही. तथापि छडी गेली म्हणजे दृष्टी आली, असे नव्हे. तोंडी हिशेब बिनचूक सांगणारा मुलगा लिहिताना अडखळतो, तो आळशी की त्यास अध्ययन-अक्षमता आहे? मागल्या बाकावरच्यास ऐकू तरी येते काय? हे आधी पाहावयास नको काय? मुंबईत असल्या मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र १९३७ सालीच निघाले होते. तेव्हा ही नवी टूम आहे, असे कोणी म्हणू नये.

आम्हांस अधिक काळजी वाटते ती मुक्या मुलाची. वैजापूर तालुका अवर्षणाचा. पाऊस दगा देतो त्या वर्षी घरातील कर्जाची बोलणी मुले अंथरुणात पडून ऐकतात. काल खेळणारी मुलगी महिनाभर कोणाशी बोलत नाही, रोज सकाळी तिचे पोट दुखते, खिचडी तशीच राहते; आणि आपण तिला ‘गुणी’ म्हणतो! २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या मुलांत शेकडा ७.३ जणांस मानसिक विकार आढळले. म्हणजे साठांच्या वर्गात चार. घरी मात्र उतारा टाकतात, वा पुढे लग्न जमणार नाही म्हणून झाकतात.

शिक्षकाने वैद्य व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. बदल कधीपासून दिसतो, कोणत्या तासाला दिसतो, एवढे त्याने टिपावे, पालकांस एकान्तात सांगावे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ते टिपण पुढे ठेवावे. तोवर थांबणे बरे नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून अहोरात्र चालू आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, त्यांत आमचे दुकानदार वाचकही आहेत. येत्या सभेत रंगरंगोटीच्या बिलांपूर्वी त्यांनी मुख्याध्यापकांस एवढेच विचारावे, की या सहामाहीत कोणती मुले अकस्मात गप्प झाली?