प्रकाशाचेही परिमाण

चातुर्मास जवळ आला की श्रावकांच्या घरी अंगण, गच्ची आणि पायऱ्या यांकडे विशेष लक्ष पुरविले जाते. हिरवट झालेल्या फरशीवर पाय पडू नये, म्हणून ती कोरडी राहील अशी व्यवस्था पावसाआधीच केली जाते. शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात होते. एका देहात अनंत जीव, हे ‘जीवविचार’ शिकलेल्या पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच घराच्या दिवाणखान्यात किंवा पेढीवर पाणवनस्पतींची काचपेटी येते, तेव्हा तिच्यावरचा दिवाच शेवाळाला आमंत्रण देऊ शकतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

अशा पेटीत मासे नसावेत, असे अनेक श्रावकांना वाटणे स्वाभाविक आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच ‘बंध’ आहे. शिवाय बाजारात मिळणाऱ्या माशांच्या बहुतेक खाद्यांत माशांचीच भुकटी असते. केवळ वनस्पतींची पेटी हा त्यावरचा सौम्य मार्ग. आरंभ तिच्यातही आहेच. परंतु तो किती अल्प राहील, हे मुख्यतः दिव्याच्या निवडीवर अवलंबून असते.

दुकानात दिवा घेताना पहिला प्रश्न असतो तो वॉटचा. वॉट म्हणजे विजेचा खर्च. प्रकाशाचे माप नव्हे. पाण्याच्या मापावरून वॉट ठरविण्याची जुनी रीत नळीच्या दिव्यांच्या काळातील आहे. एलईडी तेवढ्याच विजेत पुष्कळ अधिक प्रकाश देते. म्हणून जुन्या हिशेबाने घेतलेला एलईडी दिवा गरजेच्या दुप्पट प्रखर ठरण्याचा संभव असतो. वेष्टनावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो, तो पाहावा. ल्युमेनही मानवी डोळ्याला जाणवणाऱ्या तेजाचे माप आहे, तर वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण पट्ट्यातील प्रकाश वापरतात. त्यामुळे जांभळ्या-गुलाबी दिव्यांना हा हिशेब लागू पडत नाही. सुमारे ६५०० केल्विनच्या साध्या पांढऱ्या दिव्याला मात्र तो व्यवहारापुरता पुरतो.

ढोबळ प्रमाण असे: सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींना दर लिटरमागे १५ ते २० ल्युमेन, मध्यम गरजेच्या वनस्पतींना २० ते ४० आणि तळाशी गालिचा धरणाऱ्या किंवा गडद लाल पानांच्या जातींना त्याहून अधिक. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच पेटीत हिशेबाने ६५ लिटर पाणी मावते. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर उरते. सौम्य प्रकाशासाठी तिला ७५० ते १००० ल्युमेन पुरे. चांगली एलईडी वॉटला सुमारे १०० ल्युमेन देते, म्हणजे ८ ते १० वॉटचा दिवा. तो रोज ७ तास लावला, तर महिन्याला दोन युनिटांच्या आसपास वीज लागते. तोच ३० वॉटचा दिवा १० तास जळला तर नऊ युनिटे. पेटी ४५-५० सेंटिमीटरहून उंच असेल, तर तळाशी प्रकाश कमी पोहोचतो. तिथे वरच्या मर्यादेकडील आकडा धरावा, किंवा मुळात बसकी पेटी निवडावी.

अधिक प्रकाशाने वनस्पती अधिक वाढतील, हा समज अर्धाच खरा आहे. प्रकाश म्हणजे मागणी. कर्बवायू, नत्र, पालाश, लोह हा पुरवठा. मागणी वाढली आणि माल तेवढाच राहिला, तर व्यवहार सर्वांत तुटवड्याच्या वस्तूपाशी अडतो. वनस्पतींची वाढही तशीच थांबते आणि त्यांना न वापरता आलेला प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. मासे नसलेल्या पेटीत तर त्यांच्या श्वासाचा कर्बवायू आणि विष्ठेतील नत्रही नसते. वरून कर्बवायूची नळी सोडायची नसेल, तर अशा पेटीने सौम्य प्रकाशातच राहावे आणि द्रवखतही थोडेच द्यावे.

सुदैवाने सौम्य प्रकाशात सुखाने राहणाऱ्या वनस्पती कमी नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील अनुबियास आणि आग्नेय आशियातील जावा फर्न दगडाला किंवा लाकडाला बांधले तरी वाढतात. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर कोकणातल्या ओढ्यांतल्याच. या वनस्पती सावकाश वाढतात, म्हणून छाटणीही क्वचितच करावी लागते. ‘छेद’ टाळू पाहणाऱ्याला हा लाभही लहान नव्हे.

दिवा शक्यतो तीव्रता कमी-अधिक करता येणारा घ्यावा. आरंभी तो निम्म्या तीव्रतेवर आणि सहाच तास ठेवावा. नव्या वनस्पतींची मुळे धरेपर्यंत शेवाळाला मोकळे रान असते. दोन-तीन आठवड्यांनी पाने पाहावीत. दांडे उंच ताणले जाऊन दोन पानांतील अंतर वाढत असेल, तर प्रकाश थोडा वाढवावा. काचेवर हिरवे ठिपके, पानांच्या कडांना तंतू किंवा पाण्याला हिरवट झाक दिसली, तर तो लगेच कमी करावा. तीव्रता आणि तास एकाच वेळी बदलू नयेत. नाहीतर परिणाम कशाचा, हे कळत नाही. खिडकीतले थेट ऊनही पेटीवर येऊ देऊ नये, कारण त्याला बटण नसते. शेवाळ मारणारी औषधे बाजारात मिळतात. पण वाढू देऊन मग मारण्यापेक्षा वाढूच न देणे, हीच यतना.

मासे नाहीत म्हणजे डासांच्या अळ्या खाणारेही कोणी नाही. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणारा लहान पंप अखंड चालू असावा आणि वर काचेचे घट्ट झाकण असावे. झाकणावर क्षार साचले की प्रकाश अडतो. ते आठवड्याला पुसावे, म्हणजे दिवा वाढविण्याची वेळ येत नाही.

भोगोपभोगपरिमाण व्रतात वस्तू वापरण्याआधी तिची मर्यादा ठरते आणि अनर्थदंडविरमणात निष्प्रयोजन हिंसेचा त्याग असतो. वनस्पतींना न लागणारा आणि केवळ शेवाळ पोसणारा प्रकाश या दोन्हींच्या कक्षेत येतो. त्यामुळे दिव्याला टायमर लावून तासांची मर्यादा पहिल्याच दिवशी बांधून टाकावी. ती वेळही दिवसाचीच असावी. सकाळी दहा ते सायंकाळी पाच ही सोयीची. रात्री पेटीची शोभा अधिक खुलते हे खरे, परंतु पावसाळ्यात उजेडाभोवती जमणारे पतंग आणि चिलटे त्या दिव्यावर व झाकणावर प्राण गमावतात. वनस्पतींना सात तासांचा प्रकाश दिवसा मिळाला काय किंवा रात्री, सारखाच. पतंगांच्या दृष्टीने मात्र तो जीवनमरणाचा प्रश्न आहे.