चौकोन, वर्तुळ आणि जाळीचे छापकाम

पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागरात शेते जाऊन उंच इमारती आल्या, आणि त्यांतील दिवाणखान्यांत त्रिकोण-वर्तुळांची अमूर्त चित्रे आली. त्यांविषयी आमच्या सुशिक्षित बंधूंची दोन मते नेहमी कानी पडतात. एक म्हणतो, भूमिती ही कला नव्हे, ती कंपासपेटी होय. दुसरा म्हणतो, चित्र सोफ्याच्या रंगाशी जुळले म्हणजे झाले. मते परस्परविरोधी दिसतात, पण मूळ एकच. रंग म्हणजे आकारावर चढविलेला दागिना, ही ती समजूत. आणि तिचाच आम्हांस येथे प्रतिवाद करावयाचा आहे.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीची नको ती छिद्रे बुजवितात आणि उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई कागदावर उतरवितात. प्रत्येक रंगास जाळी निराळी. शाईचा थर सर्वत्र सारखा. कुंचल्याचा फटकारा, छायेचा उतार, म्हणजे ज्याच्या आडोशाला दुबळा चित्रकार लपतो ते सारे, येथे वजा होते. उरतो केवळ रंग आणि त्याची कड. पिवळ्या वर्तुळावर पारदर्शक निळे वर्तुळ अर्धेच चढवावे. शाया दोन, रंग मात्र तीन. आणि कोणीही न आखलेला, भिंगासारखा हिरवा आकार मध्ये उभा! हा रंगाने घडविला की भूमितीने, हे कंपासपेटीवाल्यांनीच सांगावे.

जोसेफ आल्बर्स यांचा रंगांच्या परस्परप्रभावावरील ग्रंथ १९६३ साली निघाला, तेव्हा त्यातील तक्त्यांसाठी हेच छापकाम योजिले होते. एकाच डब्यातील शाई दोन भिन्न शेजारांत दोन रंगांची भासते, हे दाखवावयाचे तर शाई खरोखरच एक असली पाहिजे.

आमच्याकडे नागपूर व मुंबई येथे शिकलेल्या सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या बिंदुचित्रांच्या सह्या केलेल्या स्क्रीन प्रिंट आवृत्त्या निघाल्या. मूळ कॅनव्हासची छाया म्हणून निघालेल्या प्रतींविषयी आम्हांस फारसा उत्साह नाही; जाळीसाठीच कल्पिलेले चित्र आम्ही अधिक मोलाचे मानतो. तथापि त्या काळ्या वर्तुळाभोवतीचा तांबडा काढून तेथे करडा घातला, तर वर्तुळ तेच राहील काय?

पिंपळे सौदागरहून भोसरी काही दूर नाही. तेथील औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या तबकड्या व नामपट्ट्या याच रीतीने छापणारा कामगार, दुसरी जाळी केसभर सरकली तर दोन रंगांमध्ये पांढरी फट पडते, हे जाणतो. आमचे पदवीधर त्याला कारागीर म्हणून बाजूस सारतात, आणि संगणकाच्या छपाईयंत्रातून निघालेली, सोफ्याशी जुळणारी प्रत कलाकृती म्हणून चौकटीत बसवितात. कित्येकदा तीच स्क्रीन प्रिंट म्हणून गळ्यात मारली जाते आणि ग्राहक कृतार्थ होतो.

त्याने एक साधे भिंग घेऊन आपल्या भिंतीपाशी जावे. सपाट रंगाच्या जागी निरनिराळ्या रंगांच्या बारीक ठिपक्यांची दाटी दिसली, तर ते चित्र जाळीतून उतरलेले नाही.