पंच मॅनेज होता, की चुकीच्या जागी उभा होता?

कबड्डीच्या सामन्याची तीस सेकंदांची क्लिप. चढाईपटू आत शिरतो, बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो आणि मागे पळतो. पंच बोनस देत नाहीत. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागलेला असतो : 'पंच मॅनेज होता भाऊ.' डहाणू-तलासरीतली शाळा-कॉलेजांची स्पर्धा असो नाहीतर कोल्हापूरचं मैदान, ही कॉमेंट ठरलेली.

पंचांना तो पाय दिसला होता का, हे मात्र कुणी विचारत नाही.

पुरुषांच्या कबड्डीत मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा 4.75 मीटरवर असते. बोनस मिळवायचा तर समोर किमान सहा बचावपटू हवेत, एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकलेला हवा आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे दोन पाय, एक रेषा आणि सेकंदाचा लहानसा तुकडा. रेषेच्या सरळ रेघेत उभा असलेला पंचच हे ठरवू शकतो. मध्यरेषेजवळून पाहिलं तर टाच रेषेवर आहे की दोन बोटं पुढे, हे कळणं जवळपास अशक्य. म्हणून तर कबड्डीत एकट्या सरपंचावर भिस्त नसते. दोन बाजूंना दोन पंच असतात, शिवाय गुणलेखक आणि त्यांचे दोन साहाय्यक.

कुस्तीतही हेच. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ चितपटीवर विजयी ठरला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं शिवराज राक्षेचं म्हणणं. वाद वाढला आणि राक्षेने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत गुणावरून चिडलेला महेंद्र गायकवाड वेळ संपण्याआधीच मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण वाद कशावर होता? दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले का, यावर. अंगावर अंग असताना एका बाजूने वाकून पाहणाऱ्याला बऱ्याचदा एकच खांदा दिसतो. आंतरराष्ट्रीय नियमांत गादीवरचा पंच, बाजूला बसलेला पंच आणि मॅट चेअरमन असे तिघे ठेवलेत आणि चितपटीला दुसऱ्याची संमती लागते, त्याचं कारण हेच.

'कुठे उभं राहायचं' याचा सगळ्यात बारीक विचार मात्र बास्केटबॉलने केला आहे. इथे दहा खेळाडू रिंगखालच्या जागेत एकमेकांना खेटून असतात आणि नियम म्हणतो, प्रत्येक खेळाडूला त्याच्याभोवतीचा उभा सिलिंडर स्वतःचा. बचावपटू सरळ वर उडी मारत असेल आणि धडक बसली, तर फाउल त्याचा नाही. पुढे झुकून हात खाली आणला, तर त्याचा. दोघांमधला हा फरक काही इंचांचा.

दोन पंचांच्या पद्धतीत एक जण रिंगमागच्या रेषेजवळ असतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा खेळाच्या मागे राहतो, तो ट्रेल. कोर्टाचे भाग वाटून घेतलेले असतात. चेंडू आपल्या भागात नसेल, तर पंचाने चेंडू पाहायचाच नाही! चेंडूपासून दूर चाललेली ढकलाढकली पाहायची. प्रेक्षकांना वाटतं पंच भलतीकडेच बघतोय. तो त्याचं काम करत असतो.

पंचांना शिकवली जाणारी मुख्य गोष्ट म्हणजे दोन खेळाडूंमधली फट शोधणं. एसटीच्या रांगेत पुढच्याच्या पाठीमागे उभं राहिलं की त्याच्यापुढचा माणूस किती अंतरावर आहे ते कळत नाही. एक पाऊल बाजूला सरकलं की लगेच कळतं. पंच आणि दोन खेळाडू एका रेघेत आले की हात चेंडूला लागला की मनगटाला, हे दिसत नाही. म्हणून चांगला पंच सतत दोन-दोन पावलं सरकत असतो. अगदी जवळ जाणं हा उपाय नाही. फार जवळून फट दिसत नाही, नुसती पाठ दिसते.

मग जागा बरोबर असली की निर्णय बरोबर येतो का? नेहमी नाही. 2002 साली नेव्हिल, बाल्मर आणि विल्यम्स या संशोधकांनी 40 फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातले 47 प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. अमेरिकेत अँडरसन आणि पियर्स यांनी 2004-05 च्या हंगामातले कॉलेज बास्केटबॉलचे 365 सामने तपासले. एका संघाविरुद्ध जास्त फाउल झाले असतील, तर पुढचा फाउल दुसऱ्या संघाविरुद्ध जाण्याची शक्यता वाढत होती. म्हणजे कुणी पैसे न देताही पंच नकळत हिशेब 'बरोबरीत' आणतात. प्रामाणिक माणसाचाही तराजू हलतो, आणि तो हलवणाऱ्यांत आरडाओरडा करणारे प्रेक्षकही येतात.

कॅमेरा लावला की प्रश्न मिटला, असंही नाही. 7 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेतली कबड्डीची अंतिम लढत. भारत आणि इराण 28-28, वेळ थोडाच उरलेला. पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. काय घडलं ते सगळ्या जगाला दिसलं. भांडण झालं ते नियम जुना लावायचा की नवा यावरून : लॉबीत गेलेले सगळे बाद, की फक्त चढाईपटू? निर्णय फिरत राहिला, सामना बराच वेळ थांबला. शेवटी भारत 33-29 असा जिंकला.

डहाणू-तलासरीच्या मैदानांवर अडचण उलटी आहे. नियम माहीत असतो, दिसत नसतं. मातीचं मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, त्याही पावसाळ्यात. चार चढाया झाल्या की बोनस रेषा पांढऱ्या डागांसारखी उरते. रिव्ह्यू नाही, टीव्ही पंच नाही. आणि शालेय स्पर्धांची वाट तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी. तालुक्यात हरलेला संघ तिथेच थांबतो. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, हे सगळं वरच्या पायऱ्यांवरच्या प्रमाणपत्रांवर चालतं. पाड्यावरून बस बदलत आलेल्या मुलीसाठी तो एक बोनस म्हणजे नुसता एक गुण नसतो.

म्हणून पंचांवर प्रश्न विचारायलाच हवेत. फक्त ते नेमके हवेत. सामन्याला दोन्ही बाजूंना पंच होते का, की एकाच शिक्षकाने शिट्टी आणि गुणपत्रक दोन्ही सांभाळलं? रेषेजवळ प्रेक्षक उभे होते का? तसे असतील तर बाजूच्या पंचाला सरकायला जागाच उरत नाही. क्लिप काढणाराही कुठल्यातरी कोपऱ्यातच उभा असतो. त्याला दिसलेला पाय पंचाला दिसला असेलच असं नाही, आणि त्याला न दिसलेली टाच पंचाला दिसली असेल.

यातल्या बऱ्याच गोष्टींना खर्च नाही. प्रेक्षकांना मागे ठेवायला एक दोरी लागते. कबड्डीचं मध्यंतर पाच मिनिटांचं असतं, तेवढ्यात बोनस रेषेवर पुन्हा फक्की मारून होते.