दहापट बॅटरी आणि आपण आयटीवाले

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. "अरे, तू तरी समजाव तिला. एम.एस्सी. केमिस्ट्री झालं, आता पीएचडी म्हणतेय. विषय काय, तर फ्लोराइड-आयन बॅटरी! पाच वर्षं घालवणार त्यात. त्यापेक्षा सहा महिन्यांचा एखादा कोर्स करून तुझ्यासारखी लाईनीला लागली असती."

मीही शहाणपणा करायला गेलो. भाचीला म्हणालो, "अगं, किती वर्षं ऐकतोय, ही बॅटरी येणार, येणार. आली का?"

ती शांतपणे म्हणाली, "मामा, बातम्या भरपूर वाचल्यायस. पेपर एक तरी वाचलायस का?"

च्यायला, लागलं ते. मग आठवडाभर रात्री जागून पेपर वाचले. हा लेख म्हणजे त्याचा हिशेब आहे, आणि थोडासा माफीनामाही.

आधी चीज काय आहे ते बघू. लिथियम बॅटरीत लिथियमचा धन आयन इकडून तिकडे फिरतो. इथे फिरतो फ्लोरिनचा ऋण आयन. डिस्चार्ज होताना कॅथोडमधल्या कॉपर फ्लोराइडमधून फ्लोराइड सुटतो, तांबं मागे राहतं. सुटलेला फ्लोराइड पलीकडच्या सेरियम किंवा लँथॅनमसारख्या धातूला जाऊन चिकटतो. चार्ज करताना सगळं उलट. लिथियम लागत नाही, कोबाल्टही लागत नाही. २०११ साली जर्मनीत कार्ल्सरूहला अंजी रेड्डी आणि मॅक्सिमिलियन फिश्टनर यांनी हे पुन्हापुन्हा चार्ज करता येतं असं दाखवलं. फक्त बॅटरी १५० अंश सेल्सियसला चालत होती! कारण त्यातला घन इलेक्ट्रोलाइट खोलीच्या तापमानाला फ्लोराइडला शेकडो पटींनी कमी वाट देतो.

आता ते प्रसिद्ध 'दहापट'. गणित करा. एक ग्रॅम कॉपर फ्लोराइड कागदावर ५२८ मिलिअँपिअर-तास देतं. मोबाइलमधलं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड कागदावर २७४. म्हणजे ग्रॅममागे धड दुप्पटही नाही. मग दहापट कुठून आली? एकाचा कागदावरचा आकडा आणि दुसऱ्याचा तयार पॅकमधला आकडा शेजारी ठेवला की हवी तेवढी पट निघते. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकलहोस्टवरचा बेंचमार्क विरुद्ध प्रॉडक्शन. रिव्ह्यूमध्ये ज्युनिअरने असा ग्राफ आणला तर आपण त्याला सोलून काढू. पण तीच गोष्ट बॅटरीच्या बातमीत आली की आपण ती ग्रुपवर फॉरवर्ड करतो. मीही केलीय.

आणि खरी लढाई जिथे चाललीय त्या इलेक्ट्रोडबद्दल बातमीत एक ओळ नसते. एक मोल कॉपर फ्लोराइड साधारण २४ घन सेंटीमीटर जागा घेतं. फ्लोराइड निघून गेल्यावर उरलेलं तांबं फक्त ७. म्हणजे प्रत्येक डिस्चार्जला घर आकसून एक तृतीयांशाहून लहान व्हायचं आणि चार्जला परत फुगायचं. त्याला खेटून बसलेले इलेक्ट्रोलाइटचे आणि कार्बनचे कण या ओढाताणीत सुटतात, मग आयनला रस्ता नाही आणि इलेक्ट्रॉनलाही नाही. थोड्याच चक्रांत क्षमता घसरते. पलीकडच्या बाजूला वेगळंच दुखणं: धातूवर त्याच्याच फ्लोराइडची साल धरते आणि आतला धातू वापराविना पडून राहतो. म्हणून कित्येक प्रयोगांत समोर शिसं आणि लेड फ्लोराइड ठेवतात. ते गुणी आहे, पण जड, आणि व्होल्टेज कमी. कॅथोडचा झकास आकडा वाचला की समोर कोण बसलंय हेही विचारावं.

मग लोक हात बांधून बसलेत का? मुळीच नाही. २०१८ मध्ये होंडा, कॅलटेक आणि जेपीएलच्या गटाने खोलीच्या तापमानाला चालणारा द्रव इलेक्ट्रोलाइट दाखवला. तांबं त्यात विरघळू नये म्हणून त्याच्या कणांवर लँथॅनम फ्लोराइडचं पातळ कवच चढवलं. २०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने घर पाडून बांधण्याऐवजी राहतं घर वापरलं: लँथॅनम निकेल ऑक्साइडच्या थरांमध्ये फ्लोराइड नुसता आत-बाहेर करतो, त्यामुळे फुगणं अगदी कमी. २२० च्या वर चक्रं टिकली, पण ग्रॅममागे फक्त ३० मिलिअँपिअर-तास घेऊन. २०२४ मध्ये जपानी गटाने कॉपर नायट्राइडमधून ग्रॅममागे सुमारे ५५० मिळवले. टिकाऊपणा घ्या नाहीतर क्षमता घ्या, दोन्ही एकत्र अजून हाताला लागत नाहीत. हेच तर काम आहे!

"पण मग कशाला ही उठाठेव? लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आहेत की, सोडियमही आलंय." हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर मला मान्य आहे. स्कूटर घ्यायची असेल तर आत्ताची घ्या, फ्लोराइडची वाट बघत बसू नका. पण खरेदीचा सल्ला वेगळा आणि संशोधनाचा वेगळा. लिथियमचंच बघा. व्हिटिंगहॅमचं टायटॅनियम डायसल्फाइड १९७६ चं, गुडइनफचं कोबाल्ट ऑक्साइड १९८० चं, योशिनोंचा सेल १९८५ चा, सोनीची विक्री १९९१ ला, नोबेल २०१९ ला. यातली मुख्य पावलं इलेक्ट्रोडच्या पदार्थांचीच होती. १९७९ मध्ये कुणातरी मामाने नक्की विचारलं असेल, "आली का?"

यावरून फ्लोराइड जिंकणारच असं सिद्ध होत नाही. कदाचित हरेलही. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. माझं भांडण आपल्या घाईशी आहे. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये जगून आपल्याला वाटायला लागलंय की निसर्गालाही हॉटफिक्स देता येतो. आधी आपणच 'दहापट' म्हणून नाचतो, ती आली नाही की "सगळा फ्रॉड आहे" म्हणतो, आणि जी पोरगी प्रयोगशाळेत बसून तो कण फुटू नये म्हणून पाच वर्षं द्यायला तयार आहे तिला सांगतो, कोडिंग शिक. ही कसली अक्कल?

तेव्हा पुढची बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी चारच प्रश्न विचारा. तापमान किती? चक्रं किती? समोरचा इलेक्ट्रोड कोणता? आणि 'ग्रॅममागे' म्हणजे नक्की कशाच्या ग्रॅममागे? नुसत्या पदार्थाच्या, की इलेक्ट्रोलाइट आणि कार्बन धरून?

काल ताईला फोन केला. म्हटलं, "समजावलं. म्हणजे तिने मला समजावलं. जाऊ दे तिला." ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "स्टायपेंड तरी बरा मिळतो का रे?"

हा प्रश्न मात्र शंभर टक्के रास्त आहे. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आपल्या देशाने द्यायचंय. असो. बघा पटतंय का.