बोंडातला हुकूम कोणाचा? बीटी कापसाच्या इतिहासातील एक जुना गैरसमज

१/ २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाच्या ३ संकरित वाणांना केंद्राच्या समितीने मान्यता दिली. तेव्हापासून यवतमाळच्या कापसाचा इतिहास दोन परींनी सांगितला जातो. एकात जनुक नायक असतो, दुसऱ्यात खलनायक. माझ्या मते दोन्ही कथांचा पाया एकच आहे आणि तो चुकीचा आहे. जनुकात हुकूम लिहिलेला असतो आणि पेशी तो निमूटपणे बजावते, हे दोन्ही पक्षांनी न तपासता गृहीत धरले आहे.

२/ या समजालाही इतिहास आहे. १९५३ साली डीएनएची रचना उलगडली. १९५८ साली फ्रान्सिस क्रिकने जे तत्त्व मांडले, ते मर्यादित होते: अक्षरक्रमाची माहिती एकदा प्रथिनात उतरली की तिथून परत जनुकात जात नाही. कोणते जनुक कधी, कुठे आणि किती वाचावे हे जनुकच ठरवते, असा त्याचा अर्थ नव्हता. १९६१ साली जाकोब आणि मोनो यांनी तर दाखवले की दुग्धशर्करा पचवणारी जनुके जिवाणू ती शर्करा समोर आल्यावरच जोमाने वाचू लागतो. तरीही जनमानसात ‘आराखडा’ हाच शब्द रुजला.

३/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे मोडीच्या कागदावरून लगेच उमगावे. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो आणि त्यासाठी त्याला भाषा, काळ आणि व्यवहार ठाऊक असावा लागतो. कागद नसेल तर वाचणार काय? पण वाचणारा नसेल तर कागद मुकाच. माहिती दोघांत वाटलेली असते. जनुक आणि पेशी यांचे नातेही असेच आहे.

४/ बीटी जनुकाचीच गोष्ट घ्या. ते मूळचे मातीतल्या एका जिवाणूचे. जसेच्या तसे वनस्पतीत घातले तेव्हा प्रथिन अत्यल्प तयार झाले. वनस्पतीची पेशी त्यातले काही अक्षरक्रम ‘इथे संपले’ असे वाचून संदेश मध्येच तोडत होती. मग मॉन्सॅन्टोच्या संशोधकांनी प्रथिन तेच ठेवून जनुकाची अक्षररचना वनस्पतीच्या वळणाने नव्याने लिहून काढली. त्यानंतर काही रोपांत प्रथिनाचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढले. हुकूम जर जनुकातच असता, तर वाचणाऱ्यासाठी एवढी नक्कल का करावी लागली असती?

५/ त्याला जोडलेली कळ फुलकोबीच्या एका विषाणूकडून घेतलेली होती. ती सर्व पेशींत सदैव चालू राहील अशी अपेक्षा होती. जनुक प्रथम बसवले गेले कोकर ३१२ या अमेरिकन वाणात, कारण पेशीपासून पूर्ण रोप उभे करणे त्या वाणात साधत होते. पुढे संकर करत ते भारतीय वाणांत आणले गेले.

६/ आणि शेतात काय घडले? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी ८ संकरित बीटी वाणे तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषारी प्रथिन पानांत सर्वाधिक होते. फुलातील अंडाशयात आणि बोंडाच्या सालीत ते अपुरे होते. पिकाचे वय वाढेल तसे प्रमाण घटत गेले आणि वाणागणिक वेगळे निघाले. जनुक मात्र त्या झाडाच्या पानात आणि फुलात एकच होते.

७/ दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते. संकरित झाडाकडे बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले असते. म्हणून स्वपरागणाने धरलेल्या त्याच्या बोंडातील ४ पैकी सुमारे १ सरकी बीटीविना असते. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बोलगार्ड २ मध्येही १६ पैकी १ सरकीत दोन्ही नसतात आणि काहींत एकच असते. एकाच बोंडात विषारी, अर्धविषारी आणि निर्धोक घास! प्रतिकारशक्ती घडवण्याची याहून चांगली शाळा कोणती?

८/ गुजरातेत पहिल्या प्रथिनाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे मॉन्सॅन्टोने २०१० साली जाहीर केले. पुढे दोन्ही प्रथिने निष्प्रभ ठरली आणि २०१७च्या हंगामात विदर्भातल्या शेतांत डोमकळ्या दिसू लागल्या.

९/ ‘शेतकऱ्यांनी सोबतचे नॉन-बीटी बियाणे कडेला पेरले नाही, फरदड घेतली, म्हणून हे झाले,’ असे उत्तर मिळते. त्यात तथ्य आहे. फरदडीने अळीला हंगाम वाढवून मिळतो. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकन बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, हेही मान्य करायला हवे. पण सरकीतली वाटणी शेतकऱ्याने केली नव्हती. फुलात प्रथिन कमी पडले ते त्याच्या बेशिस्तीमुळे नव्हे. वाणाऐवजी संकर विकण्याचा निर्णयही त्याचा नव्हता.

१०/ त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात गेले, अनेक दगावले. याचे खापर एकट्या बोंडअळीवर फोडता येणार नाही. रसशोषक किडी होत्या, औषधांची मिश्रणे होती, संरक्षक साधनांचा अभाव होता. परंतु ‘बियाण्यातच संरक्षण आहे’ हे आश्वासन ऐकत शेती केलेल्या जिल्ह्याला अखेर पाठीवरचा पंपच उचलावा लागला.

११/ म्हणून माझा आक्षेप केवळ जीवशास्त्रीय शब्दांपुरता नाही. जनुकाला सर्वाधिकारी मानले की यशाचे श्रेय पाकिटाला जाते आणि अपयशाचा दोष शेतकऱ्याला. मधली पेशी, झाड, पाऊस, जमीन आणि बाजार इतिहासातून गळतात. कागद तेवढा छापून वाचणाऱ्याला वगळणाऱ्या इतिहासकाराला आपण चांगला इतिहासकार म्हणत नाही. कापसाच्या बाबतीत तरी वेगळा न्याय कशासाठी?