पितळेवरचं लॅकर आणि आईची चिंच

मी इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहतो. सुऱ्या-कात्र्यांसाठी शेकडो वर्षं नावाजलेलं हे शहर. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये स्टेनलेस स्टील तयार केलं ते इथंच. इथं राहून मलाही हातानं सुऱ्या करायचा नाद लागला. गेल्या वर्षी मे महिन्यात गावी, कुडाळला जाताना आईसाठी एक सुरी करून नेली. कार्बन स्टीलचं पातं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ आणि मुठीच्या तोंडाशी पितळेचा तुकडा. त्याला इथं बोल्स्टर म्हणतात.

त्या पितळेवर मी खूप राबलो. आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, ६००, १०००. दर वेळी घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पात्याकडची बाजू चिकटवण्याआधीच चकचकीत करावी लागते, कारण नंतर तिथं पात्याला ओरखडा न पाडता हात पोचत नाही. लाकूड आणि पितळ एकत्र घासताना पूड सारखी झटकायची, नाहीतर ती लाकडात शिरून काळपट डाग पडतात. बफच्या चाकावर जास्त वेळ धरलं तर पितळ तापतं आणि आतला इपॉक्सी सैल होतो. हे सगळं सांभाळलं आणि शेवटी, आईला घासायचा त्रास नको म्हणून, वर पारदर्शक लॅकर मारलं. तिथंच चुकलो.

ऑगस्टमध्ये आईचा व्हिडिओ कॉल आला. "अरे, तुझ्या सुरीचं पितळ बघ. देवी आल्यासारखं दिसतंय!"

कोकणातला पाऊस, ओले हात, रोजचं धुणं. लॅकरचे पापुद्रे निघाले होते आणि त्यांच्या कडांखाली ओल शिरून डाग पडले होते. आईनं समईला लावते तशी चिंच आणि मीठ लावलं. लॅकर शाबूत होतं तिथं चिंच पोचली नाही, गेलं होतं तिथं पितळ उजळलं. चिंचेचं पाणी पात्यावर ओघळून ते काळं पडलं आणि सकाळी जोडापाशी गंज धरला. पितळ आणि साधं पोलाद एकमेकांना लागून ओले राहिले, की आधी पोलाद गंजतं.

आईचं यात काही चुकलं नाही. पितळ कसं ठेवायचं हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मीच तिच्या हातातलं काम काढून घेतलं होतं. म्हणून आता माझं ठाम मत झालंय, की रोज वापरायच्या वस्तूवर घरच्या माणसाला पुन्हा देता येईल असाच लेप द्यावा. भिंतीवर टांगायच्या तलवारीला लॅकर ठीक आहे, भाजी चिरायच्या सुरीला नाही.

कुणी म्हणेल, मेण कुठं टिकतं? नाही टिकत, कबूल. पण ते दोन मिनिटांत पुन्हा लावता येतं. लॅकर बिघडलं की आधी सगळं काढा, मग पुन्हा घासा. आपल्याकडे पितळेच्या पातेल्यांना कल्हई करत, ती काय कायमची असायची? ती झिजणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असे, म्हणून तर कल्हईवाल्याची वाट पाहत.

डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा ॲसिटोननं लॅकर काढलं, पितळ पुन्हा घासलं, मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात दिला आणि मऊ कपड्यानं पुसून घेतलं. आईला सांगितलं, "धुतलीस की लगेच कोरडी कर. चिंच समईलाच ठेव. महिन्यातून एकदा मेण लाव. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस, ओल धरली की पितळ हिरवं पडतं."

परदेशातून घरी काही पाठवताना आपण हमखास म्हणतो, "तुला काही करावं लागणार नाही." त्यात प्रेम असतं, पण समोरच्याला काय येतं हे विचारायचं राहून जातं.

आता ते पितळ नव्यासारखं लखलखत नाही, जरा मंद, पिवळसर तपकिरी झालंय. पण डाग नाही. सगळं ऐकून आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "इतकंच होतं, तर आधीच सांगायचंस की!"